नागपूरच्या मुलांना कोकण किनारा शिकवायचाय: काय दाखवावं, कोणाचं ऐकवावं?

नागकाठी

नमस्कार मंडळी.

मी नागपुरात आठवी-नववीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. आमच्या शाळेत हरित सेनेचा गट आहे. डिसेंबरात या गटातल्या मुलांना रायगड किंवा रत्नागिरीच्या एखाद्या किनारी गावात न्यायचं, तिथल्या शाळेतल्या मुलांच्या घरी राहू द्यायचं आणि उन्हाळा लागला की त्या मुलांना इकडे बोलवायचं, असं घाटतंय. पालक तयार आहेत. मुख्याध्यापकांनी एकच अट घातली: परत आल्यावर मुलांना काय कळलं ते दिसलं पाहिजे.

हे का करावंसं वाटलं ते सांगते. 'समुद्राची पातळी वाढेल, किनारी शहरांना धोका निर्माण होईल' हे उत्तर माझ्या वर्गातली झाडून सगळी मुलं लिहितात आणि पूर्ण गुण घेतात. त्याच मुलांना शाळेमागचा नाला कुठून येतो नि कुठे जातो हे विचारलं तर सांगता येत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, सीताबर्डीत शिरलं. वर्गातल्या काही मुलांनी ती रात्र गच्चीवर काढली आहे. पण उत्तरपत्रिकेत त्या रात्रीचा एक शब्द येत नाही. तिथे येतो तो ध्रुवावरचा बर्फ. मुलांना वाटतं, अभ्यासातलं संकट वेगळं आणि आपल्या घरात शिरलं ते पाणी वेगळं.

किनाऱ्यावरची माणसं पाण्याशी रोज व्यवहार करतात. त्यांच्याकडून काही शिकता येईल असं मनात आहे. उंटावर बसणं, शंख गोळा करणं, रिसॉर्ट हे काही नको. कोणाला भेटावं, कोणत्या वेळी जावं, मुलांच्या हाताला काय काम द्यावं, सगळं सांगा.

उन्हाळी

ताई, हेतू चांगला आहे, पण मी सरळच बोलतो. नागपूरच्या पोट्ट्यांना समुद्र काहून दाखवायचा? इथं नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, पत्र्याच्या घरात राहणाऱ्या माणसाचं काय होते, ते आधी दाखवा नं. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश झालं होतं. दर उन्हाळ्यात रस्त्यावर काम करणारे, रिक्षावाले, विटाभट्टीवाले पडून राहिले आहेत. आपलं संकट ऊन आहे. समुद्र आपल्यापासून कोसो दूर. रेल्वेचं तिकीट, राहणं, खाणं यात जेवढे पैसे जातील तेवढ्यात एका वस्तीतल्या कितीतरी छपरांना चुना मारून होईल. आणि ज्या पोरांना जाणं परवडत नाही त्यांचं काय?

नागकाठी

उन्हाळी दादा, पैशाचं आधी सांगते. माजी विद्यार्थ्यांनी निधी जमवला आहे आणि ज्याला परवडत नाही त्याचा खर्च त्यातून होईल, हे पहिल्या बैठकीतच ठरलं. छपरांना चुना मारण्याचं काम आमचा गट एप्रिलमध्ये करणारच आहे. तुम्ही सोबत आलात तर आनंद होईल, खरंच या.

उन्हाचं तुम्ही म्हणता ते सोळा आणे खरं. म्हणूनच तिकडची मुलं इकडे यावीत असं वाटतं, आणि तीही उन्हाळ्यातच.

वैनगंगाकाठ

समुद्र आपल्यापासून दूर आहे हे मला काही पटत नाही. मी भंडाऱ्याचा, पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य गेलं. पाण्याची वाट सांगतो, पोरांकडून नकाशावर बोटानं गिरवून घ्या.

नाग नदी लाव्ह्याच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरीतून शहरात शिरते, पुढे पिवळी नदीला सोबत घेऊन कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत. तिथून पवनीजवळ गोसेखुर्दचं धरण. वैनगंगा आणि वर्धा एक झाल्या की प्राणहिता, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत, आणि गोदावरी राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरात. नागपुरात नाल्यात टाकलेली पन्नी या वाटेनं निघते. धरणात अडकली नाही तर तिचा शेवट काकीनाड्याजवळच्या कोरिंगाच्या खारफुटीत.

उलटी वाटही बघा. आपल्या विदर्भाला पावसाळ्यात जो धो-धो पाऊस मिळतो, त्यातला पुष्कळसा बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे. ते ओडिशा, छत्तीसगड ओलांडून इकडे सरकतात. म्हणजे पाणी त्या समुद्राकडून येते आणि त्याच समुद्राला जाते. मग दूर कसा?

आणखी एक. कोकणात जायच्या आधी पोरांना एक दिवस आंभोऱ्याला आणा. नागपूरचं सांडपाणी गोसेखुर्दच्या फुगवट्यात येऊन बसते. तिथले ढिवर लोक पिढ्यान् पिढ्या मासे धरतात. पाण्याचा रंग, वास, जाळ्यात काय येते, काय येणं बंद झालं, हे त्यांच्याच तोंडून ऐकवा. शहरातल्या पोराला आपण कोणाच्या वर राहतो हे कळलं पाहिजे.

नागकाठी

काका, हे वाचून नकाशा काढून बसले. 'आपण कोणाच्या वर राहतो' हा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून देणार आहे. आंभोरा नक्की. काकीनाड्याला जाण्याचाही मोह झाला, पण भाषेमुळे मुलांना तिथल्या मुलांशी थेट बोलता येणार नाही. या वर्षी कोकणच.

खाजणवाली

ताई, मी रायगड जिल्ह्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, माहेर-सासर दोन्हीकडे खारजमिनी आहेत. तुमचा प्रश्न आवडला, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे यायचं तर तारीख कॅलेंडरच्या तिथीवरून ठरवा, शाळेच्या सोयीवरून नको. कोळी आणि खारजमिनीतले शेतकरी भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पहाटे आणि दुपारी दोन्हीकडे लागू. त्याच्या मागे-पुढे सहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, आणि किनाऱ्याने खाली मालवणकडे गेलात तर वेळ थोडी आधीची येते. पण नागपुरात वर्गात बसून तुमची मुलं महिनाभर हा हिशेब करू शकतात आणि भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ताडून बघू शकतात. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे का सरकते, हा चंद्राचा धडा त्यातच होऊन जाईल. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. आमच्या घरातली चौथीतली मुलगीही हे सांगते, कारण कालवं काढायला आई कधी जाणार हे तिला माहीत असावं लागतं.

दुसरं, मुलांना बांधावर चालवा. खाडीलगतची भातशेती मातीच्या बांधाने समुद्रापासून राखलेली असते. बांधात उघाडी असते. भरतीच्या वेळी बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तिचं दार मिटतं, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर जातं. वीज नाही, मोटर नाही. आता मुलांना विचारा: मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली तर काय होईल? दार उघडणारच नाही. आतलं पाणी आतच तुंबणार. महाडला सावित्रीचं, चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी चढतं तेव्हा भरतीची वेळ काय होती हे आमच्याकडे सगळ्यात आधी विचारतात. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुराबद्दल वाद पुष्कळ आहेत, धरणाच्या पाण्याचे, गाळाचे, बांधकामांचे. पण नदीच्या तोंडाशी समुद्र उभा असेल तर नदीने जायचं कुठे, हे उघाडीपाशी उभं राहिल्यावर सातवीतल्या मुलालाही कळतं.

समुद्राची पातळी वाढते म्हणजे काय, ते आम्हाला इथे कळतं. लाट घरात येईल तेव्हा येईल. त्याच्या कितीतरी आधी उघाडी उघडी राहण्याचा वेळ कमी होतो. शेतात पाणी जास्त वेळ उभं राहतं. बांधालगतच्या विहिरी मचूळ होतात. हे तुमच्या पुस्तकात नाही, आमच्याही पुस्तकात नाही.

उन्हाळी

उघाडीचं वाचून खरंच डोक्यात उजेड पडला. आमच्या भागात पावसाळी नाली नाल्यात सोडली आहे, आणि नाला भरला की नालीतून पाणी उलटं वस्तीत येते. हे तेच झालं नं? नाल्याच्या तोंडाशी दार नाही, एवढाच फरक.

वैनगंगाकाठ

अगदी तेच. मोठं पाणी चढलं की लहान पाणी अडते. समुद्र असो की नाग नदी.

खाजणवाली ताईंना एक विचारतो. बांध कोण राखते? आमच्या भंडारा-गोंदियात मालगुजारीतले हजारो तलाव आहेत, लोक मामा तलाव म्हणतात. कोहळी समाजानं बांधले, गाव मिळून पाळ म्हणजे तलावाचा बांध राखायचं, तुडूम म्हणजे पाणी सोडायची मोरी राखायचं, पाण्याची पाळी लावायचं. १९५० नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले आणि गावाचा हात सुटला. गाळ साचला, पाळी फुटल्या. तुमच्याकडे असंच झालं का?

खाजणवाली

काका, तंतोतंत. पूर्वी उन्हाळ्यात घरटी माणूस बांधाच्या कामाला जायचा. चिखल काढायचा, घुशींनी पाडलेली बिळं बुजवायची, दगड सारखे करायचे. मग सरकारी योजनेतून बांध व्हायला लागले, मुंबईच्या नोकरीमुळे घरात माणसं उरली नाहीत, आणि बांध राखणं हे आपलं काम आहे ही जाणीव गेली. बांध एकदा फुटला की शेतात खारं पाणी शिरतं, ते मीठ उतरायला काही पावसाळे जावे लागतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने मीठ सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत, पनवेल-१, २, ३, त्यांचा आधार होतो. पण त्यालाही मर्यादा आहे. आणि दोन-चार वर्षं दुर्लक्ष झालं की शेतात तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवतात.

मुलांना आणाल तेव्हा हा कठीण भाग टाळू नका. तिवरं उगवली की शेतकरी ती कायद्याने तोडू शकत नाही. माझ्या चुलत सासऱ्यांच्या सातबाऱ्यावर भातशेती आहे आणि जागेवर कांदळवन. ते म्हणतात, बांध फुटला तो आमच्यामुळे नाही, आणि जमीन गेली ती मात्र आमची.

चिप्पी

मी सिंधुदुर्गात खारफुटीवर काम करते, शिक्षण नागपुरात झालं. खाजणवाली ताईंचं म्हणणं वाचलं. शेतकऱ्याचं दुःख खरं आहे, पण धाग्यावर मुलांचे शिक्षक वाचत आहेत म्हणून दुसरी बाजू पूर्ण मांडते.

२००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडीला चाप लावला आणि २०१८ च्या निकालाने तो पक्का केला. त्याआधी भराव टाकून खाड्याच्या खाड्या बुजवल्या जात होत्या. 'बांध फुटला, तिवरं आली' असं म्हणत बांधकामासाठीही जमिनी मोकळ्या करून घेतल्या गेल्या असत्या. कायदा सैल केला तर त्याचा फायदा भात लावणाऱ्याला होणार नाही, भराव टाकणाऱ्याला होईल. कांदळवनाची मुळं गाळ धरतात, लाटेचा जोर मोडतात, मासळीची पिल्लं त्यातच वाढतात. खाडीतली मासळी कमी झाली असं म्हणणाऱ्या कोळणीला विचारा, तिवरं गेली तिथून आधी काय गेलं.

मुलांसाठी आमच्याकडची एक गोष्ट मोलाची आहे. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटातल्या महिला होडीतून कांदळवन दाखवतात. त्या स्वतः खाडीकाठच्या. तिवर, कांदळ, चिप्पी ओळखायला शिकल्या, पक्षी शिकल्या आणि आता पाहुण्यांना सांगतात. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष ठरला. पण त्या बायकांना झाड माहीत होतं ते आधीपासून, फक्त आता त्यावर घर चालतं. झाड उभं राहण्यात घरच्या माणसाचा फायदा असेल तर ते टिकतं.

आणि कृपा करून 'मुलांच्या हस्ते खारफुटी लागवड' ठेवू नका. चिखलाचं मोकळं मैदान दिसलं की लोक रोपं लावतात. त्या मैदानात तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, असतात, थंडीत परदेशी पाखरं उतरतात, आणि भरतीच्या पाण्याची उंची चुकली तर रोपं मरतात ती मरतातच. जिथे खाडीचा प्रवाह अडला आहे तिथला अडथळा काढला की तिवरं आपली आपण येतात.

खाजणवाली

चिप्पी, तुझं खाडी बुजवण्याबद्दलचं मान्य. आमच्या डोळ्यांदेखत झालंय ते. पण भात लावणारा आणि भराव टाकणारा यांना एकाच कायद्याने एकाच मापात मोजलं जातं, हे मी मुलांना सांगणारच. बांध वेळेवर दुरुस्त झाला तर तिवरं बाहेरच्या अंगाला राहतात आणि भात आतल्या अंगाला. दोन्ही वाचतात. बाहेर तिवरं असली तर लाट बांधाला थेट मारत नाही, बांध जास्त टिकतो, हे म्हातारे लोक सांगतात. भांडण लागतं ते दुरुस्ती झाली नाही म्हणून.

चिप्पी

यावर आपलं एकमत आहे. नागकाठी ताई, हेच मुलांना द्या. बांधावर उभं करा, एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला तिवरं, आणि शेतकरी व कोळीण दोघांनाही बोलू द्या. निकाल मुलांनी लावायचा नाही. दोघांचं नीट ऐकून लिहून आणायचं.

सुपारीबाग

श्रीवर्धनहून लिहितोय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या अंगावरून गेलं. आमच्या रोठा सुपारीच्या बागा दुपारपर्यंत झोपल्या. सुपारीचं झाड उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे नव्याने लावलेली झाडं आत्ता कुठे देऊ लागत आहेत. कितीतरी दिवस वीज नव्हती, फोन नव्हता. पत्रे उडालेली घरं आणि वर पावसाळा.

तुमची मुलं येतील तेव्हा त्यांना पडलेली झाडं दाखवून हळहळायला लावू नका. त्यांना विचारायला सांगा की त्या सकाळी कोण कुठे होतं. कारण किनाऱ्याजवळची माणसं आधी हलवली होती, म्हणून माणसं वाचली. कोणी हलवली? इशारा आला मोबाइलवर, पण म्हाताऱ्या माणसाला घर सोडायला लावलं ते अंगणवाडीच्या ताईंनी आणि शेजारच्या पोरांनी. कोणाच्या घरात अंथरुणावरचं माणूस आहे, कोणाची सून दिवसांवर आहे, पक्कं छप्पर कोणाचं, हे त्यांनाच ठाऊक होतं. नंतर आमच्या वाडीत काही जणांनी मिळून हे सगळं कागदावर उतरवलं. घरांचा नकाशा, त्यात खुणा. दर मे महिन्यात तो नवा करतात. नागपुरातल्या गल्लीसाठी हा कागद जसाच्या तसा चालेल. पाणी शिरेल तेव्हा तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजीकडे कोण धावेल?

आमच्यानंतर वर्षभरात, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्याने वर सरकत गेलं. अरबी समुद्र तापतोय आणि वादळं जोर धरतायत, हे शास्त्रज्ञ सांगतात आणि आमच्या अंगाला कळतंय. त्यामुळे तो कागद नुसता फाइलला ठेवून चालणार नाही.

नागकाठी

दादा, तुमचं वाचून थोडा वेळ काहीच लिहवेना. २०२३ च्या त्या पहाटे आमच्याकडे नेमका हाच कागद नव्हता. पाणी आलं तेव्हा शेजारच्या घरात कोण आहे हे लोकांना माहीत नव्हतं. घरांचा नकाशा हे आमच्या मुलांचं मुख्य काम ठरवते. तुमच्या वाडीत बघायचं, शिकायचं आणि पावसाळ्याआधी आपापल्या गल्लीत करायचं.

दवाखाना_रांग

मी नागपुरात परिचारिका आहे. उन्हाळ्यात कक्षात काय येतं ते रोज बघते, म्हणून परतभेटीबद्दल लिहिते. कोकणातली मुलं इकडे येतील तेव्हा त्यांना सांगण्यासारखं आपल्याकडे खरंच आहे.

हवामान खात्याच्या निकषात मैदानी भागात पारा किमान ४० ला गेल्याशिवाय उष्णतेची लाट म्हणत नाहीत, किनारपट्टीला मात्र ३७ पासून विचार सुरू होतो. कारण तिथे दमटपणा आहे, घाम सुकत नाही, शरीर गार होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मोकळ्या मैदानातल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं दगावली, तेव्हा पारा ३८ च्या आसपास होता. नागपूरकर म्हणेल ३८ म्हणजे काहीच नाही. म्हणूनच दोन्हीकडच्या मुलांनी एकत्र बसून हे शिकलं पाहिजे. आपल्या वाळ्याच्या ताट्या आणि कुलर कोरड्या हवेत चालतात, कोकणात ते निकामी. तिथे वारा खेळता ठेवणं, सावली आणि कामाची वेळ बदलणं हाच मार्ग. ओल्या आणि कोरड्या फडक्याचे दोन तापमापक घेऊन दोन्ही गावांत मुलांनी एकाच दिवशी नोंदी घेतल्या तर कोणताही धडा त्याच्याइतका शिकवणार नाही.

आकडा तपासायचीही सवय लावा. मे २०२४ च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. यंत्रातला दोष होता, शहरातलं इतर केंद्रांवरचं तापमान त्याच्या कितीतरी खाली होतं. मुलांना विचारा, ५६ वाचल्यावर तुम्ही पहिलं काय कराल? शेजारच्या केंद्राचा आकडा बघाल की पुढे पाठवाल?

आणि एक विनंती. उष्माघाताची लक्षणं दोन्हीकडच्या मुलांना पाठ असू द्या: बडबडणं, चालताना तोल जाणं, शुद्ध हरपणं. अशा माणसाला सावलीत आणून अंगावर गार पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. आई-बाप कामावर असतात. हे मुलांना यायला हवं.

परिसर_गुरुजी

निवृत्त शिक्षक आहे, थोडक्यात लिहितो. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार निघालं होतं, म्हणजे आपल्या जिल्ह्याचे डोंगर, नद्या, पिकं त्यात. पुढच्या इयत्तांत जिल्हा मागे पडतो आणि थेट जग येतं. अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा विषय आहे, त्यात प्रकल्प करायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो नेटवरून छापून देतात. नागकाठी ताई, तुमच्या मुलांचा घरांचा नकाशा आणि दोन्ही गावांच्या नोंदी मोठ्या वर्गातल्या मुलांना प्रकल्प म्हणून पुढे चालवायला द्या. नाहीतर तुमची नववीतली मुलं दहावीला गेली की सगळं थांबेल. मी हे पुष्कळदा बघितलं आहे.

रत्नागिरीतल्या वेळास गावी कासवांच्या घरट्यांचं काम २००२ पासून गावच्या मदतीने चाललंय, कारण अंडी राखणाऱ्यांच्या घरी पाहुणे राहतात आणि दर वर्षी तोच हंगाम येतो. शाळेतलं कामही हंगामाला बांधा. नवतप्याआधी छपरं, मृगाआधी नाले आणि घरांचा नकाशा, दिवाळीनंतर नदीचं पाणी. परीक्षेच्या वेळापत्रकाला बांधाल तर टिकणार नाही.

उन्हाळी

मी पहिल्या प्रतिक्रियेत विरोध केला होता. छपरांच्या कामाला मी येतो, सोबत आमच्या वस्तीतले चार-पाच जण आणतो. पण माझी एक मागणी आहे. जी पोरं कोकणात जातील त्यांनी परत आल्यावर शाळेच्या हॉलमध्ये भाषण नाही द्यायचं. वस्तीत यायचं, संध्याकाळी, लोक कामावरून आल्यावर. आणि नाल्याकाठच्या घरांचा नकाशा आमच्या बायांना सोबत घेऊन करायचा. कोणत्या घरात पाणी किती चढलं होतं ते त्यांना भिंतीवरच्या डागावरून माहीत आहे.

नागकाठी

मान्य, दादा. हॉलमधला कार्यक्रम काढून टाकला. वस्तीतली तारीख तुम्हीच ठरवा.

आतापर्यंत जे ठरलं ते लिहिते, कोणाला खटकलं तर सांगा. नोव्हेंबरात आंभोरा, काका सोबत येतील अशी आशा आहे. त्याआधी वर्गात महिनाभर तिथीवरून भरतीचा हिशेब आणि ताळा. डिसेंबरात रायगड: खाजणवाली ताईंच्या गावात बांध आणि उघाडी, शेतकरी आणि कोळीण दोघांचं ऐकणं, मग श्रीवर्धनला सुपारीबाग दादांच्या वाडीतला घरांचा नकाशा. वेंगुर्ला यंदा लांब पडतं. चिप्पी, तू वर्गाशी फोनवर बोलशील का? उन्हाळ्यात तिकडची मुलं इथे येतील, दोन तापमापकं, छपरांचं काम, आणि दवाखान्यातल्या ताईंकडून प्रथमोपचार.

एकच अडलंय. तिथी कोणती धरू?

चिप्पी

बोलेन, आनंदाने. चिप्पीची आणि तिवराची पानं-फळं वाळवून आधी टपालाने पाठवते. तिवराचं पान जिभेला लावून बघायला सांगा, खारट लागतं.

वैनगंगाकाठ

येतो. ढिवर समाजातल्या दोन ज्येष्ठांशी बोलून ठेवतो. पोरांना सकाळी लवकर आणा, जाळी पहाटे निघतात.

खाजणवाली

ताई, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पोहोचा. पौर्णिमेला भर दुपारी उधाण असतं, तेव्हा सगळ्यांना बांधावर उभं करू. पाणी बांधाच्या किती खाली राहतं ते मुलांनी काठीने मोजायचं आणि आमच्या शाळेच्या भिंतीवर लिहायचं. पुढच्या वर्षी त्याच तिथीला आमची मुलं पुन्हा मोजतील. मग तृतीया-चतुर्थीपर्यंत राहा. तेव्हा ओहोटी सकाळी आठ-नऊच्या सुमारास येते, उजेड चांगला असतो, बायकांबरोबर चिखलात उतरता येईल.

चपला नकोत, चिखलात अडकतात. जुने कापडी बूट घट्ट बांधून आणा, कालवांच्या कपच्या पाय कापतात. पाण्याच्या बाटल्या प्रत्येकाच्या स्वतःच्या, आमच्याकडे गोडं पाणी दिवसाआड येतं. मासे न खाणारी मुलं किती आहेत ते आधी कळवा. आणि मुलींची राहण्याची सोय माझ्या घरी, त्यांच्या पालकांना माझा निरोप द्या की काळजी करू नका.